मुलाचे वर्तन व त्याची घरची परिस्थिती

प्रास्ताविक

वर्ग चालू असताना शिक्षकाचे लक्ष सहजच दोन प्रकारच्या मुलांकडे जाते. विचारताक्षणी उत्तर देणारे मूल हा एक प्रकार, आणि वर्गाची घडी विस्कटणारे मूल हा दुसरा. हे दुसरे मूल कधी शेजाऱ्याची वही ओढते, कधी क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येते, कधी तासन्‌तास खिडकीबाहेर पाहत बसते, तर कधी चार दिवस येऊन आठ दिवस नाहीसे होते. अशा मुलांसाठी आपल्या बोलण्यात काही शब्द ठरून गेले आहेत : द्वाड, मठ्ठ, आळशी, उनाड. यांपैकी एक शब्द उच्चारला की प्रश्नाचा निकाल लागल्यासारखे वाटते. कारण दोष मुलाच्या अंगी आहे असे ठरले म्हणजे अधिक शोध करण्याचे प्रयोजन उरत नाही. पालकांविषयीही एक वाक्य तयार असते : "घरच्यांचेच लक्ष नाही, तेथे आम्ही काय करणार?"

या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मुलाचे वर्तन, पालकांची वागणूक, घरचे दारिद्र्य आणि शाळेचे वातावरण या चार गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत, व त्या गुंत्याचा कोणता धागा शिक्षकाच्या हाती आहे, याचा विचार येथे केला आहे.

वर्तन हे लक्षण होय

ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे आपण जाणतो. मुलाच्या वर्तनासही हेच लागू पडते. एकाच प्रकारच्या वागण्यामागे अगदी भिन्न कारणे असू शकतात. फळ्यावरचे लिहून न घेणारे मूल आळशी असेल, किंवा त्याला फळाच नीट दिसत नसेल. हाक मारूनही उत्तर न देणारे मूल हट्टी असेल, किंवा वारंवार कान फुटल्यामुळे त्याला कमी ऐकू येत असेल. दुपारनंतर पेंगणारे मूल निष्काळजी असेल, किंवा रात्री धाकट्या भावंडाला घेऊन जागलेले असेल. कारण भिन्न असल्यास उपायही भिन्न हवा. एकाच छडीने या सर्वांवर उपचार होणे शक्य नाही.

शरीराच्या गरजांपासून आरंभ करणे योग्य होईल, कारण त्या सर्वांत आधीच्या असून सर्वांत सहज दृष्टीआड होतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी देशभरात ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. हीच बालके पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येतात. रक्तात लोह कमी असलेले मूल लवकर दमते, चिडचिड करते, त्याचे लक्ष फार काळ टिकत नाही. वर्गातील त्याचे वागणे पाहून आपण त्यास मंद म्हणतो. प्रत्यक्षात ते मूल अशक्त असते.

या दृष्टीने शालेय पोषण आहाराकडे केवळ एक वाढीव काम म्हणून पाहणे बरोबर नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. प्राथमिक वर्गातील मुलास या आहारातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. ज्या घरी सकाळी चूल पेटत नाही, किंवा आई-वडील पहाटेच कामावर गेल्याने मूल रात्रीची शिळी भाकरी खाऊन येते, त्या घरच्या मुलास हे जेवण म्हणजे दिवसाचा मुख्य आधार असतो. सोमवारी सकाळी जे मूल विशेष बेचैन असते, त्याच्या रविवारच्या जेवणाची चौकशी करून पाहावी. पुष्कळदा उत्तर तेथेच मिळते.

दारिद्र्य मुलापर्यंत कसे पोहोचते?

अन्नाचा अभाव हा दारिद्र्याचा सरळ परिणाम झाला. परंतु याहून आडवळणाचा, आणि वर्तनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, असा एक मार्ग आहे. तो पालकांच्या मनातून जातो.

अमेरिकेत १९२९ नंतर मोठी आर्थिक मंदी आली. त्या काळात वाढलेल्या मुलांच्या आयुष्याचा ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला व १९७४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून व त्याच्या पुढील संशोधनातून असे दिसले की, उत्पन्न गेल्यामुळे वडिलांचा स्वभाव चिडखोर व लहरी झाला, आणि वडिलांच्या या बदललेल्या वागण्यामुळे मुलांचे वर्तन बिघडले. म्हणजे पैशाची तूट मुलाला थेट बाधली नाही इतकी ती बापाच्या तापट झालेल्या स्वभावातून बाधली.

दुसरे उदाहरण याच गोष्टीची उलट बाजू दाखविते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात ९ ते १३ वर्षे वयाच्या १४२० मुलांची १९९३ पासून दरवर्षी पाहणी होत होती. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुले चेरोकी या आदिवासी जमातीची होती. १९९६ साली त्या जमातीच्या भूमीवर एक जुगारगृह निघाले व त्याच्या नफ्याचा काही हिस्सा जमातीतील प्रत्येक माणसास मिळू लागला. पैसा कोणत्या मार्गाने आला हा प्रश्न बाजूस ठेवू; संशोधकांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, कुटुंबांच्या अंगी काही नवा गुण न येता केवळ उत्पन्न वाढले. काही कुटुंबे त्यामुळे दारिद्र्यातून वर आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या कुटुंबांतील मुलांचे भांडखोरपणा, अवज्ञा इत्यादी वर्तनदोष कमी होऊन, कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आले. ज्यांचे दारिद्र्य टिकून राहिले त्यांच्या मुलांत असा फरक पडला नाही. आणि याचे कारण शोधता असे आढळले की, उत्पन्न वाढल्यावर आई-वडिलांना मुलांकडे लक्ष देण्यास सवड मिळू लागली होती. उदासीनता व भीती यांसारख्या मनाच्या आजारांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे पैशाने सर्वच दुखणी बरी होतात असेही नाही.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीच्या काही चाचण्यांद्वारे तपासणी झाली. तिचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. त्यामुळे तोडणीपूर्वी हात आखडलेला व तोडणीनंतर सैल, अशी स्थिती असते. एकाच शेतकऱ्याची दोन्ही वेळी तपासणी केली असता, तोडणीपूर्वीच्या टंचाईच्या दिवसांत त्याला चाचण्या कमी जमल्या. माणूस तोच, बुद्धी तीच. परंतु देणे कसे फेडावे या चिंतेत मन अडकले म्हणजे अन्य गोष्टींसाठी ते मोकळे राहत नाही.

या तीन उदाहरणांवरून "पालकांचे लक्ष नाही" या वाक्याचा अर्थ बदलतो. लक्ष ही केवळ इच्छेची गोष्ट नाही. लक्ष देण्यास वेळ हवा, झोप हवी, आणि मन थोडे तरी निवांत हवे. गरीब घरात या तिन्हींची वाण असते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात हेच सांगितले होते : शेतकरी वर्गातील मुले शाळेपासून दूर राहतात त्याचे कारण पराकाष्ठेचे दारिद्र्य, आणि गुरे राखण्यास व शेताची निगा करण्यास लागणारी त्यांची मदत. त्या निवेदनास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली; गुरांच्या जागी काही ठिकाणी वीटभट्टी व उसाचा फड आला, एवढेच.

तथापि दारिद्र्य म्हणजे वाईट संगोपन, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. दिवसभर खुरपणी करून आलेली आई रात्री मुलाला जवळ घेऊन त्याच्याशी चार शब्द बोलते, आणि सर्व सुखसोयी असलेल्या घरी मुलाला मोबाइलच्या स्वाधीन केले जाते, असेही चित्र आपल्याच गावात दिसते. दारिद्र्यामुळे चांगले संगोपन कठीण होते. ते अशक्य होत नाही.

उसतोडीचा हंगाम : एक उदाहरण

बीड जिल्हा व आसपासच्या कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे आई घरी राहू शकत नाही. चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरात कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात फडावर जायचे, गाडी जेव्हा येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का असेना, मोळ्या भरायच्या, असा दिनक्रम असतो. अशा कुटुंबातील मुलांच्या वाट्यास तीन प्रकारच्या स्थिती येतात, व शिक्षकास त्यांची तीन निराळी वर्तने दिसतात.

पहिला प्रकार आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या मुलाचा. कार्तिकात हे मूल एकाएकी बदलते. एखादे अबोल होते, एखादे शिक्षकाच्या भोवती सारखे घुटमळते, तर एखादे लहान मुलांना मारू लागते. वरवर पाहता या तीन निरनिराळ्या तक्रारी वाटतात. मुळाशी एकच दुःख असते. आई-वडील गेले, आणि ते केव्हा येतील हे कोणी नेमके सांगत नाही. आजीची माया अपार असते, पण तिची नजर अधू, पाय दुखरे. नातू दिवसभर कोठे फिरतो यावर देखरेख करणे तिच्या शक्तीबाहेरचे असते. ज्या गावी हंगामी वसतिगृह चालते, तेथे अशा मुलांच्या जेवणाची सोय होते; परंतु संध्याकाळी कोणाजवळ बसावे हा त्यांचा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार आई-वडिलांबरोबर जाऊन फाल्गुन-चैत्रात परत आलेल्या मुलाचा. हे मूल मागच्या बाकावर बसते, वाचावयास सांगितले की पोट दुखते म्हणते, आणि शेजाऱ्याने हसू केले की भांडते. वर्ग पुढे गेला आहे व आपण मागे राहिलो आहोत, ही लाज ते उद्धटपणाखाली झाकीत असते. या काळात त्याने पाहिलेले जग मात्र लहान नसते. उसाच्या जाती, वजनकाट्याचा हिशोब, वाढ्यांचा भाव, चार तालुक्यांचे रस्ते, हे सारे त्याला ठाऊक असते. शाळेत त्यातले काहीच विचारले जात नाही.

तिसरा प्रकार मुलीचा आहे, व तो सर्वांत कमी लक्षात येतो, कारण ती वर्गात त्रास देत नाही. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. वर्गात ती शांत बसते, सांगितलेले ऐकते, आणि म्हणून "चांगली मुलगी" या सदरात पडते. एके दिवशी ती येईनाशी होते, व नंतर तिच्या लग्नाचीच वार्ता कानी येते. खोडकर मुलाकडे निदान आपले लक्ष तरी जाते. अशा मुलीच्या गप्प राहण्याकडे ते जात नाही. वर्तनाचा विचार करताना गोंगाटाइतकीच शांतताही तपासली पाहिजे.

शाळा स्वतः कारण होऊ शकते

मुलाच्या वर्तनाची कारणे घरात शोधीत असताना शाळेकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शाळा मुलाचा भार हलका करते, तशी ती वाढवूही शकते. गणवेश नाही म्हणून रांगेबाहेर उभे करणे, वही नाही म्हणून सर्वांदेखत विचारणे, "तुझा बाप तसा, तूही तसाच" असे बोलणे, उशिरा आलेल्यास दाराबाहेर ठेवणे, या गोष्टी करणाऱ्यास किरकोळ वाटतात. ज्याने सकाळी भावंडांना खाऊ घालून, दोन हंडे पाणी भरून, धावत शाळा गाठली आहे, त्याला दाराबाहेर उभे करणे म्हणजे त्याने न येणेच बरे असे सांगणे होय.

शारीरिक शिक्षेविषयी कायद्याने शंकेला जागा ठेवलेली नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी शिक्षेच्या उपयुक्ततेचा प्रश्न उरतोच. ज्या मुलाला घरी मार बसतो, त्याला शाळेतील मार नवीन काही शिकवीत नाही. मोठ्याने लहानाला मारावयाचे असते, हा घरचा धडाच तेथे पक्का होतो, आणि सुट्टीत तो त्याहून लहान मुलावर गिरविला जातो.

स्थलांतरित मुलाच्या प्रवेशाबाबतही याच अधिनियमाने मार्ग मोकळा केला आहे. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला, या कारणासाठी प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसविणे हे कर्तव्य ठरते. कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकाने दोन महिन्यांसाठी आलेल्या मुलास "पाहुणा" न मानता पटावरील मूल मानले, आणि मूळ गावच्या शिक्षकाने निघताना त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक दिले, तर मधली दरी निम्मी बुजते.

कोसबाडचा धडा

घरच्या परिस्थितीपुढे शाळा हतबल आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण करावे. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे ते आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत. कारणे उघड होती : मोठ्यांना गुरे राखावयाची असत, आणि मधल्यांना धाकट्यांना सांभाळावयाचे असे. या बाईंनी पालकांना दोष देत बसण्याऐवजी शाळेचेच रूप बदलले. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली. गुरे चरत असता मुले शिकत. ही कुरणशाळा होय. लहान भावंडे सोडून येता येत नाही असे दिसताच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. ताईने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे, आणि स्वतः वर्गात जावे. तिला विकासवाडी असे नाव दिले. न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, यांपासून तेथे शिक्षणाचा आरंभ होई.

या कार्यातून घेण्याजोगा धडा साधनसामग्रीचा नाही. त्यांच्याजवळ ती फारशी नव्हतीच. धडा प्रश्न विचारण्याच्या रीतीचा आहे. "हे मूल शाळेत का बसत नाही?" असे विचारण्याऐवजी "शाळेतील कोणती गोष्ट याला बसू देत नाही?" असे त्यांनी विचारले. आज आपल्या वर्गाच्या दाराशी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन एखादी मुलगी उभी राहिली, तर तिला परत न पाठविता त्या लहानगीस कोपऱ्यात खडू व पाटी देऊन बसवावे, किंवा अंगणवाडीताईंशी बोलून तिची तेथे सोय लावावी. शाळा सुटेतोवर मुलगी वर्गात राहील.

एक भरवशाचे माणूस

हवाई बेटांतील कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजारपण किंवा व्यसन अशा अनेक संकटांत एकदम सापडलेली होती. त्यांतील बहुतेकांना पुढे अडचणी आल्या. परंतु या संकटग्रस्त मुलांपैकीही साधारणपणे तिसरा हिस्सा कर्तबगार, आत्मविश्वासी व दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे बनून मोठा झाला. अशा मुलांच्या आयुष्यात काही गोष्टी समान होत्या. त्यांपैकी एक म्हणजे, निदान एका मोठ्या माणसाशी त्यांचे भरवशाचे नाते जडले होते. आई-वडील नसल्यास ते माणूस आजी, मामा, शेजारी, आणि पुष्कळदा शिक्षक, असे असे.

गावातील मुलाच्या आयुष्यात घरच्या माणसांखालोखाल नित्य भेटणारे मोठे माणूस शिक्षकच होय. अन्य नोकरदार बदलत राहतात, मुकादम हिशोबापुरते भेटतात. शिक्षक मात्र वर्षातून दोनशेहून अधिक दिवस त्याच वेळी, त्याच जागी उभा असतो. ज्याच्या घरी उद्याची शाश्वती नाही, त्या मुलास या नित्यतेचे मोल आपल्याला वाटते त्याहून कितीतरी अधिक असते.

पालकांच्या ठिकाणीही सामर्थ्य असते, ते ओळखून जागे करणे हेही आपले काम आहे. जमैका देशात किंग्स्टन शहरातील वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर १९८६-८७ पासून एक प्रयोग झाला. काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात, आणि आईला मुलाशी कसे बोलावे, खेळावे हे घरगुती वस्तूंच्या साहाय्याने दाखवीत. वीस वर्षांनंतर पाहता, या घरांतील मुलांची कमाई तशी मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्या आया गरीबच होत्या; त्यांना कोणी दोष दिला नाही, कोणी तरी घरी जाऊन सोबत बसले, एवढेच.

व्यवहारातील काही सूचना

१. ज्या मुलाच्या वर्तनाची तक्रार आहे, त्याची पंधरा दिवस एका वहीत नोंद ठेवावी : कोणता वार, कोणती वेळ, आधी काय घडले. पुष्कळदा नोंदीतूनच कारण पुढे येते. भूक, झोप, अथवा वाचनाच्या तासाची भीती.

२. प्रथम शरीर तपासावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवून त्यांचे डोळे, कान व रक्तक्षय यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या व जंतनाशक गोळी मूल प्रत्यक्ष गिळते की नाही ते पाहावे.

३. गृहभेट तक्रारीने सुरू करू नये. "आजी, तुमचा नातू गोष्ट फार छान सांगतो बरं का," असे एक खरे व चांगले वाक्य आधी बोलावे. पालक थकून आलेले असतात. शिक्षक दारी आला म्हणजे काहीतरी दोषच काढावयास आला, अशी त्यांची समजूत असते. ती मोडल्यावाचून मोकळे बोलणे होत नाही.

४. पालकसभेची वेळ पालकांच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठेवावी. भर दुपारी सभा घेऊन उपस्थिती नाही असे लिहिणे, यात कोणाचेच हित नाही.

५. पालकांना झेपेल तेवढेच सांगावे. "अभ्यास घ्या" हे निरक्षर आईस सांगून तिला लाजविण्याऐवजी, "रात्री जेवताना आज शाळेत काय झाले एवढे विचारा, आणि वेळेवर झोपवा," असे सांगावे. हे तिला जमते.

६. स्थलांतरास निघालेल्या मुलास निरोप देताना परत येण्याची जागा दाखवावी. त्याचे नाव भिंतीवरील तक्त्यावर ठेवावे. मागे राहिलेल्या मुलास पालकांशी फोनवर बोलता येईल अशी व्यवस्था, शक्य असेल तेथे, आठवड्यातून एकदा करावी. परत आलेल्याकडून पहिल्या दिवशी वाचन न घेता, त्याने पाहिलेले सांगवून घ्यावे. मापन, वजन व हिशोब यांचे गणित त्याच्याच अनुभवातून काढावे.

७. वर्गाचे नियम थोडे, स्पष्ट व रोज सारखेच असावेत. नियम मोडल्यास त्याचा परिणाम आधी सांगितलेला असावा, आणि तो अपमानाचा नसावा. सांडले ते पुसावे, फाडले ते चिकटवावे. घरची परिस्थिती समजून घेणे म्हणजे शिस्त सैल करणे नव्हे. उलट, ज्याचे घर विस्कळीत आहे त्याला शाळेतील निश्चित शिस्तीचा आधार वाटतो.

८. गप्प मुलींची निराळी यादी करावी. पाचवीनंतर उपस्थिती कमी होऊ लागलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी आठ दिवसांच्या आत जावे.

९. मुलाच्या अंगावर माराच्या खुणा, अकस्मात आलेली भीती, किंवा लैंगिक त्रासाची शंका असल्यास ती गोष्ट स्वतःपुरती ठेवू नये. मुख्याध्यापकांस कळवावे, १०९८ या बालमदत क्रमांकाचे साहाय्य घ्यावे. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या अधिनियमानुसार अशा अपराधाची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे.

समारोप

शिक्षकाने गावाचे दारिद्र्य दूर करावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. मजुरीचे दर, पाणी, जमीन, उचल यांचे प्रश्न वर्गाच्या चार भिंतींत सुटत नाहीत; आणि ते सुटल्यावाचून मुलांची स्थिती पुरती सुधारणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, माहिती भरण्याची कामे संपत नाहीत, याचीही जाणीव आहे. वर दिलेल्या नऊ सूचना एकाच वर्षी, सर्व मुलांच्या बाबतीत पाळणे कोणासही शक्य होणार नाही.

म्हणून आरंभ एका मुलापासून करावा. आपल्या वर्गातील ज्या मुलाचे नाव घेताच कपाळाला आठी पडते, तेच मूल निवडावे. त्याच्याविषयी ठरवून ठेवलेला शब्द एक महिना बाजूस ठेवावा. त्याने काय खाल्ले, ते केव्हा निजले, घरी कोण आहे, आणि त्याला काय चांगले येते, या चार गोष्टी शोधून काढाव्यात. एवढ्यानेच ते मूल सुधारेल अशी हमी देता येणार नाही. परंतु आपण त्याच्याशी कसे बोलतो यात फरक पडेल, आणि तो फरक मुलाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील कोणत्या गावांतून हंगामी स्थलांतर होते? जाणाऱ्या, मागे राहणाऱ्या व परतणाऱ्या मुलांच्या निरनिराळ्या याद्या आपणाजवळ आहेत काय?

२. गेल्या वर्षी शाळा सोडलेल्या एका मुलाचा विचार करा. शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या वर्तनात कोणती चिन्हे दिसली होती?

३. आपल्या शाळेतील अशी एखादी प्रथा सांगा, जी गरीब मुलास सर्वांदेखत वेगळे पाडते. ती खर्चावाचून कशी बदलता येईल?

४. आपल्या गावातील पालकांना सोयीची अशी सभेची वेळ कोणती? ती त्यांना विचारून ठरविली आहे काय?